रेघ कुठे संपते

रेघाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण टेकडीवरच्या वेधशाळेत तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली असती तर तिनं मानही वर केली नसती. रेघा मोजते म्हणून रेघाताई. वेधशाळेचे प्रमुख, म्हणजे साहेब, वयानं तिच्यापेक्षा मोठे, पण तेही रेघाताईच म्हणत. आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद होतं, ‘रेघाताईंनी मोजलंय ना? मग विषय संपला.’ पूर्वी हे ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अलीकडे मात्र कुणी असं म्हटलं की ती घाईघाईनं पुढचा फोटो उघडायची.

रेघ मोजणं म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्या नातेवाइकांनाही ते कधी कळलं नाही. एका लग्नात तिच्या चुलतदिरानं ‘या आमच्या वहिनी, ऑफिसात रेघा मारतात’ अशी तिची ओळख करून दिली होती, आणि तिनंही ‘हो’ म्हणून जिलबीकडे हात वळवावा तसा विषय दुसरीकडे वळवला होता. कोण समजावत बसणार?

तर पृथ्वीच्या आसपास काही दगड फिरत असतात. कुणी घराएवढा, कुणी डोंगराएवढा. ते नेमके कुठे आहेत हे वरचेवर मोजावं लागतं, नाहीतर पुढे ते कुठे जाणार याचा हिशेब बिघडतो. दुर्बिणीतून फोटो काढला की तारे ठिपक्यासारखे येतात. दगड मात्र पळत असतो, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर उघडं असेपर्यंत त्याची रेघ उमटते. रेघेचं एक टोक म्हणजे शटर उघडलं तेव्हा दगड कुठे होता. दुसरं टोक म्हणजे शटर मिटलं तेव्हा तो कुठे पोचला. दोन्ही टोकांवर खूण करायची, मधला बिंदू काढायचा आणि दूरच्या गणना केंद्राला कळवायचा. ठळक रेघा संगणकाला जमतात. पुसट आली की तो गडबडतो, शेजारच्या ताऱ्यालाच रेघेचं टोक समजतो, नाहीतर सरळ हात वर करतो. मग तो फोटो रेघाताईच्या पडद्यावर यायचा.

तिच्या खोलीचा एक दंडक होता. प्रत्येक फोटो दोनदा मोजायचा, एकदा सुलटा आणि एकदा उलटा करून. कारण माणसाचा हात कुठेतरी झुकतोच. कुणी खूण जराशी डावीकडे करतो, कुणी उजवीकडे. फोटो उलटा केला की तो झुकाव दुसऱ्या बाजूला पडतो, आणि दोन्हींची सरासरी काढली की चूक चुकीला खाऊन टाकते. तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात दम भरला होता, ‘आपण किती चुकतो ते ज्याला सांगता येतं तो मोजणारा. बाकी सगळे अंदाजपंचे.’ रेघाताईला ते सांगता यायचं. तिची चूक इतकी थोडी आणि इतकी कायम असायची की गणना केंद्र या वेधशाळेच्या आकड्यांना इतरांपेक्षा जास्त वजन द्यायचं. साहेब पाहुण्यांना हे आवर्जून सांगत. पाहुण्यांना ते कळत नसे, पण ते माना डोलावत.

आणि मग रेघा आखूड यायला लागल्या.

हे तिच्या लगेच लक्षात आलं, कारण रेघ केवढी असायला हवी हे आधीच ठाऊक असतं. दगडाचा वेग माहीत, शटर किती वेळ उघडं होतं तेही माहीत. मग रेघ तेवढीच भरायला हवी. तिची भरत नव्हती. दोन्हीकडून थोडी थोडी कमी. तिनं सुलट मोजून पाहिलं, उलट मोजून पाहिलं, चष्मा पुसला, पडदा पुसला, खुर्ची पुढेमागे केली, आणि शेवटी निकाल दिला की शटर आळशी झालंय.

शटर, दुर्बीण आणि तिथलं एकूण सगळं लोखंड ढगोबाच्या ताब्यात होतं. ढगोबा म्हणजे रात्री दुर्बीण चालवणारा गडी. ढग आले की एकेकाला नावानिशी शिव्या घालायचा म्हणून ढगोबा. सकाळी त्याची घरी जायची आणि तिची यायची वेळ एकच असल्यानं दोघांचा चहा रोज जिन्याखालच्या टेबलावर व्हायचा.

“ढगोबा, तुमचं शटर उशिरा उघडतंय आणि लवकर मिटतंय.”

“सरकारी नोकरी आहे, ताई, त्याला तरी काय दोष द्यायचा?” तो म्हणाला. पण मनाला लागलं त्याच्या. त्यानं शटर खोललं, पुसलं, तेलपाणी केलं. रेघा आखूडच. पुन्हा खोललं. रेघा तशाच. तिसऱ्यांदा ती शटरचं नाव घेते आहे म्हटल्यावर त्यानं चहाचा कप जरा जोरात ठेवला.

तिला खरंच वाटत होतं का, की दोष शटरचा आहे? वाटत होतं. म्हणजे तसं वाटून घ्यायचं असं तिनं ठरवलं होतं, आणि ठरवलेलं निभावायची तिला सवय होती.

घरी मात्र लक्षणं वेगळी होती. तिचा डावा डोळा लहानपणापासून मंद, नुसता सोबतीला असल्यासारखा. त्यामुळे मोजताना तो मिटून घ्यायचा आणि सगळं काम उजव्याकडून करून घ्यायचं ही तिची जुनी खोड. आता उजव्या डोळ्यानं पाहिलं की बाथरूमच्या फरशांच्या फटी मध्येच पोट काढून बसायच्या. पेपरातल्या ओळीतला नेमका जो शब्द वाचायचा तो पुसलेला, आजूबाजूचे सगळे शाबूत. एके सकाळी समोर बसलेल्या सासूबाईंना नाकच नव्हतं. जन्मभर जे नाक प्रत्येक गोष्टीत खुपसलेलं पाहिलं ते दिसू नये म्हणजे मामला साधा नव्हता, हे तिला कळलं. तिनं नजर जरा बाजूला वळवली, तेव्हा नाक जागेवर आलं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात या दोघीच. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पण चष्म्याशिवाय पेपर वाचायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या, आणि हे दोन्ही दुसऱ्याला दिसेल अशा बेतानं करायच्या.

“चहा कपात ओततात, बशीत नाही,” त्या म्हणाल्या.

“हात हलला, आई.”

“हात हलला होय? बरं. हाताचं औषध डोळ्यात घालतात का बघ जरा.”

तिनं बशी धुतली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. डॉक्टर काय सांगतील हे तिला माहीत नव्हतं. सांगितल्यावर काय होईल ते मात्र पक्कं माहीत होतं. पडद्यासमोरची ती खुर्ची जाईल. आणि खुर्ची गेल्यावर उरते ती कोण? एक बाई, जिला कुणी काही विचारत नाही. याची तिला भीती वाटत होती, इतकी की रात्री कूस बदलून बदलून चादरीची दोरी व्हायची. बरं, सुलट-उलट तर ती मोजतेच आहे, चूक असली तरी सरासरीत जाते, असं ती स्वतःला समजावायची आणि तेवढ्यापुरती झोप लागायची.

अशात जावई आला.

हे नाव ढगोबानंच ठेवलेलं. नवा सापडलेला दगड होता, एखाद्या मोठ्या इमारतीएवढा. ‘येईन म्हणतो, नक्की सांगत नाही, आणि आलाच तर घर डोक्यावर घेणार. जावईच की!’ ढगोबा म्हणाला, आणि दुपारपर्यंत सगळी वेधशाळा त्याला जावई म्हणायला लागली. या जावयाचं आणखी एक लक्षण होतं. तो स्वतःभोवती गरगरत होता. एक अंग उजळ, दुसरं काळपट. त्यामुळे त्याची रेघ एकीकडे ठसठशीत सुरू व्हायची आणि पुढे विरत जायची. अशी रेघ संगणकाला कुठली जमायला? ती रेघाताईकडे आली. तिनं मोजली, सुलट आणि उलट, आणि पाठवून दिली. पुढे दगड सूर्याच्या बाजूला गेला, उजेडात दिसेनासा झाला. आता काही महिने त्याचा फोटो कुणालाच काढता येणार नव्हता. जे मोजून झालं होतं त्यावरच हिशेब.

तो हिशेब पेपरात आला. सासूबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवला, चष्म्याशिवाय. दगड काही वर्षांनी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आहे. शक्यता थोडी आहे, पण शून्य नाही. खाली चौकटीत चार ओळी होत्या की दोन ठिकाणच्या मोजमापांत मेळ नाही. एका वेधशाळेचा आकडा खरा धरला तर दगड दुरून निघून जातो, दुसरीचा धरला तर तो किंचित उशिरा धावतोय, आणि तेवढ्या उशिरानं पृथ्वी नेमकी त्याच्या वाटेत येते.

“ही दुसरी म्हणजे तुमची का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“आमची.”

“मग पडणार म्हणायचा.” सासूबाईंनी पेपराची घडी घातली. “तू मोजलंयस म्हणजे काय, झालंच.”

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला सातवा लागला होता. आधी तिनं इकडचं तिकडचं विचारलं, पाणी आलं का, आजीचा गुडघा कसा आहे. मग एकदम म्हणाली, “आई, खरं सांग. तो पडणार आहे का? आमच्या इथे सगळे हसतायत त्याच्यावर. मला हसायला येत नाही. तोपर्यंत हे शाळेत जायला लागलेलं असेल.”

“अजून काही नक्की नाही, बाळा. हिशेब चालू आहे.”

“पण मोजलंयस तू. तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार ना.”

फोन ठेवून ती त्या छोट्या खोलीत येरझारा घालत राहिली. सासूबाई दोनदा म्हणाल्या, “बस गं, मला गरगरतंय.” तिला बसवेना. पेपर, केंद्र, साहेब, पोटुशी लेक, जो तो तिच्या डोळ्याच्या भरवशावर बसला होता, आणि त्या डोळ्याला समोरच्या म्हातारीचं नाक धड दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केंद्राचा निरोप येऊन पडलेला होता. रेघ पुन्हा मोजावी आणि चूक किती असू शकते ते खात्रीनं कळवावं. साहेबांनी तो तिच्या टेबलावर आणून ठेवला. “आपला आकडा ते दुसऱ्यांपेक्षा वजनदार धरतात, म्हणून एवढा गोंधळ. तुम्ही एकदा हो म्हणा, रेघाताई. तुम्ही हो म्हटलंत की विषय संपला.”

तिनं फोटो उघडला. काळा पडदा, ताऱ्यांचे ठिपके, मध्ये राखाडी रेघ. डावा डोळा मिटून तिनं ठळक टोकावर खूण केली. मग रेघेवरून पुढे सरकत गेली, आणि जिथे रेघ विरून काळोख सुरू होत होता तिथे दुसरी. आकडा आला तो पहिल्याइतकाच. उलट करून पाहिलं, तोच. एवढा मेळ बसल्यावर कुणीही खूश झालं असतं. तिनं रेघेची लांबी पाहिली. आखूड. या वेळी तर चांगलीच आखूड.

तेवढ्यात ढगोबा दारात उभा राहिला. घरी गेलाच नव्हता. डोळे तारवटलेले, हातात शटरच्या चाचणीचा कागद.

“ताई, आज सोक्षमोक्ष लावू. शटर तपासून आणलंय. एका केसाचाही फरक नाही. आता सांगा, रेघ आखूड कशी?”

“आखूड आहे, मी काय करू? तुम्हीच बघा.” तिचा आवाज उगाचच चढला. “ही इथे सुरू होते. आणि ही बघा, इथे संपते.”

ढगोबा वाकला. तिच्या खुणेकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. “थट्टा करताय का माझी?” त्यानं बोट पडद्यावर टेकवलं आणि तिच्या खुणेच्या पुढे, बरंच पुढे, सरकवत नेलं. “इथे संपते. आंधळ्यालाही दिसेल.”

त्याचं बोट जिथे होतं तिथे तिला निव्वळ काळोख दिसत होता.

तिनं मान वाकडी केली. नजर थोडी बाजूला नेली, सासूबाईंच्या नाकासाठी करायची तशी. आणि मग कडेनं, अगदी कडेनं, तो बारीक राखाडी धागा दिसला. ढगोबाच्या बोटापर्यंत गेलेला. सरळ पाहिलं की गेला. पुन्हा कडेनं पाहिलं. होता.

फोटो उलटा केल्यानं हाताचा झुकाव जातो. डोळ्याला जे दिसतच नाही ते सुलटही दिसत नाही आणि उलटही नाही. एवढी साधी गोष्ट, पण रेघाताई महिनोन्‌महिने त्या दंडकाच्या आडोशाला बसून राहिली होती. आजवरच्या बऱ्याच रेघा दोन्हीकडून सारख्याच आखूड झाल्या, म्हणून मधला बिंदू जागेवर राहिला असेल, नशीब. जावयाचं विरळ टोक तेवढं गेलं, मधला बिंदू मागे सरकला, आणि दगड उशिरा धावायला लागला. आकाशात नव्हे, तिच्या पडद्यावर.

“ताई?” ढगोबाचा आवाज एकदम खाली आला. “मी आपलं बोलायची पद्धत म्हणून म्हटलं हो. आंधळ्याचं.”

“शटर चांगलं आहे तुमचं,” ती म्हणाली. “उगाच बिचाऱ्याला खोलायला लावलं.” आणि उठली, कारण आता बसून राहिली असती तर उठलीच नसती.

साहेबांच्या खोलीत तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. फरशांपासून नाकापर्यंत सगळं, मधल्या बिंदूसकट. साहेबांनी ऐकून घेतलं, पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

“कधीपासून?”

“रेघा आखूड यायला लागल्या तेव्हापासून. त्याआधीचं मी छातीठोक सांगते. त्यानंतरचं सगळं बाद धरा.”

“सगळं?” साहेब दचकले. “अहो, ही एक रेघ आम्ही दुसरे कुणीतरी मोजून दुरुस्त करू. चूक झाली, सुधारली, बस. बाकीच्यांचं कशाला उकरून काढता? तुम्हीच म्हणता, मधला बिंदू बहुतेक ठीक असेल. इतक्या वर्षांची पत आहे आपली.”

“बहुतेक, असेल,” ती म्हणाली. “हे शब्द मी कधी केंद्राला पाठवले होते का, साहेब? आपण किती चुकतो ते सांगता येतं, म्हणून तर पत. मला आता नाही सांगता येत.”

तिला वाटलं होतं साहेब रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. तिला भांडता आलं असतं. ते नुसतेच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि “बरं. तसं कळवतो,” म्हणाले.

रेघ ढगोबानं मोजली आणि साहेबांनी मोजली, सुलट आणि उलट. रेघाताई मागे उभी राहून कडक मास्तरणीसारखी चुका काढत होती, ‘माउस धरलाय की पाना धरलाय?’, आणि ढगोबा हसण्याऐवजी ‘हो ताई, हो ताई’ करत होता. ते तिला सगळ्यात जास्त लागलं. रेघ पूर्ण भरली. दुपारनंतर केंद्राचं उत्तर आलं. दोन्ही वेधशाळांचा मेळ बसला. दगड खुशाल दुरून निघून जाणार होता. व्हरांड्यात एकच गलका झाला. कुणीतरी ओरडलं, “जावई परस्पर गेला रे!” तिला त्यांच्यात थांबवेना आणि एकटं बसवेना. तिनं पर्स उचलली, पुन्हा ठेवली, पाणी प्यायली, आणि बसच्या वेळेच्या कितीतरी आधी टेकडी उतरून थांब्यावर जाऊन उभी राहिली.

तिथूनच तिनं मुलीला फोन लावला.

“नाही पडत,” ती म्हणाली. “आत्ताच कळलं. लांबून जातोय. पेपरात येईल उद्या, पण म्हटलं तुला आधी सांगावं.”

पलीकडून आधी श्वास ऐकू आला, मग हसू, मग हसता हसता रडू. “आई गं! रोज रात्री ते पोटात लाथा मारतं आणि मी छताकडे बघत पडते. कुणाला सांगायची पण सोय नाही.” तिनं नाक ओढलं. “पण मग आधीचं काय होतं? आकडा चुकला होता?”

“हो.”

“कुणाचा?”

समोरून एक बस येत होती. तिच्या पाटीवर नंबर असणार त्या जागी रेघाताईला धुरकट भोक दिसत होतं. ती आपली बस आहे की नाही हे तिला कळेना, आणि ती गेली तरी तिनं हात केला नाही.

“माझा,” ती म्हणाली.

“तुझा? काहीतरीच. तू कशी चुकशील?”

“मला दिसत नाहीये, बाळा.” हे वाक्य तिनं एवढ्या महिन्यांत स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. साहेबांनाही रेघांबद्दल सांगितलं, फरशांबद्दल सांगितलं, हे एवढंच सोडून. “उजव्यानं मधलं दिसत नाही. बरेच महिने झाले. कुणाला बोलले नाही.”

पलीकडून दगडाबद्दल आता एक अक्षरही नाही.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“गेलेच नाही.”

“आई!” मुलगी ओरडली, आणि मग तिचा आवाज फाटला. “तू गेली नाहीस? आई, लवकर गेलं तर वाचतं, उशीर झाला तर... तुला कळत नाही का?”

“कळतं.”

“मी येते. सकाळच्या पहिल्या गाडीनं येते. आपण दोघी जाऊ.”

एरवी ती म्हणाली असती, कशाला, सातवा महिना आहे, गाडीची दगदग, मी जाईन माझी माझी. तोंडात आलंच होतं ते. तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला.

“ये,” ती म्हणाली. “मला भीती वाटतेय.”